गुंजेचं कवच: सोनाराला सोयीचं, बी रुजवणाऱ्याला अवघड

पावसाच्या तोंडावर कुंडीत गुंजेच्या चार-पाच बिया टोचायच्या, रोज पाणी घालायचं, आणि गणपती आले तरी कुंडीत तणाशिवाय काही दिसत नाही. कंटाळून माती उकरावी, तर बिया टोचल्या तशाच सापडतात. तांबड्या, तकतकीत, एका टोकाला काळा ठिपका. कुजलेल्या नाहीत आणि फुगलेल्याही नाहीत. गुंज लावून पाहिलेल्या पुष्कळांचा हा अनुभव असतो. मग ‘बी जुनी असणार’, ‘विकणाऱ्याने फसवलं’, ‘आमच्या हाताला गुणच नाही’ अशी कारणं निघतात. बहुतेक वेळा यातलं एकही खरं नसतं. बी चांगली जिवंत असते. दोन महिने ओल्या मातीत राहूनही तिच्या आत पाणीच शिरलेलं नसतं, एवढंच.

त्या कवचाचा स्वभाव एकदा कळला की गुंज रुजवणं अवघड नाही. आणि तो कळायलाच हवा, कारण त्याच कवचामुळे सोनारांनी ही बी वजनाला धरली आणि त्याच कवचाने तिच्यातलं जहाल विष आत कोंडून ठेवलं आहे. रुजवण्यासाठी आपण नेमकं तेच कवच फोडणार असतो.

आधी वेल नक्की कोणती ते पाहू. अब्रस प्रिकॅटोरियस हे तिचं शास्त्रीय नाव. कुळ तूर-वाटाण्याचं. देठाच्या दोन्ही बाजूंना लहान लहान पर्णिका, साधारण दहा ते पंधरा जोड्या, लांबून पाहिलं तर चिंचेचा पाला वाटावा अशा. वेल बारीक असते आणि आधाराला स्वतःच पिळे घालत वर जाते, ताणे वगैरे काही काढत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोस येतात, मागून आखूड, फुगीर शेंगा धरतात. शेंगा वाळल्या की उकलतात आणि आतल्या तीन ते सहा बिया सालीला चिकटूनच राहतात, खाली पडत नाहीत. कोकणात गडग्यावर, देशावर निवडुंगाच्या नाहीतर करवंदीच्या जाळीवर थंडीनंतर असे तांबडे झुबके दिसतात.

बाजारात गुंज म्हणून रतनगुंज गळ्यात मारली जाते, तेवढं सांभाळा. ती बी मोठी, चपटी आणि सगळीच्या सगळी लाल असते, काळा ठिपका नसतो. रतनगुंज हा चांगला मोठा वृक्ष आहे, त्यामुळे ती रुजली तरी मांडवावर चढायची नाही. खऱ्या गुंजेत तांबडीशिवाय पांढरी आणि काळीही असते. गुंजेचा पाला गोडीसाठी चघळतात, त्याला पांढरी जास्त गोड, असं पुष्कळ जण सांगतात. मात्र ‘सिद्ध केलेली’ पांढरी किंवा काळी गुंज म्हणून जे काही अव्वाच्या सव्वा भावाने विकलं जातं, ते रोपासाठी घेऊ नये. ती रंगवलेली आहे की तेलात घोळवलेली, हे कळायला मार्ग नसतो.

आता सोनाराकडे वळू. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्यात 96 गुंजा. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, त्या हिशेबाने एक गुंज साधारण 121 मिलिग्रॅमची होते. (आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सरळ दहा ग्रॅम असतात. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि गुंजेची तराजूतली नोकरी संपली.) सगळ्या गुंजा निसर्गतःच एका वजनाच्या असतात, असं मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. तसं काही नाही. दोन वेलींच्या बिया घेऊन बारीक काट्यावर तोलल्या तर फरक लगेच दिसतो, एकाच शेंगेतही लहानमोठ्या निघतात. सोनार त्यातल्या सारख्या निवडून घ्यायचा. खरी खुबी पुढे आहे. एकदा निवडलेली गुंज आषाढातही तेवढीच भरते आणि वैशाखातही. तांदूळ, हरभरा, गहू यांचे दाणे दमट हवेत ओल धरतात, उन्हाळ्यात ती सोडतात, त्यामुळे त्यांचं वजन ऋतूबरोबर हलतं. गुंजेचं हलत नाही, कारण बाहेरची ओल आत जातच नाही.

हे कसं साधतं? बीच्या सालीवर सगळ्यात बाहेर मेणचट थर असतो. त्याच्या खाली लांबट, जाड भिंतींच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या असतात, मध्ये फट म्हणून नाही. शिवाय पाण्याला दूर ठेवणारी द्रव्यं त्यांच्यात मुरलेली असतात. या तटबंदीत जागा सोडलेली असते ती फक्त नाळेच्या खुणेपाशी, म्हणजे बी शेंगेला जिथे जोडलेली होती तिथे. गुंजेचा काळा ठिपका याच टोकाला असतो. नीट पाहिलं तर काळ्यात एक बारीक पांढुरकी खूण दिसते, तीच ती.

या खुणेचं काम मोठं चतुर आहे. 1954 मध्ये हाइड नावाच्या संशोधकाने क्लोव्हर आणि ल्युपिन या गुंजेच्याच उपकुळातल्या वनस्पतींच्या बिया तपासल्या. त्याला असं दिसलं की हवा कोरडी असली की नाळेच्या खुणेवरची फट उघडते आणि आतली ओल बाहेर जाते. हवा दमट झाली की फट मिटते. म्हणजे एकाच दिशेने चालणारी झडप. वेलीवर पिकता पिकता अशी बी कोरडी, आणखी कोरडी होत जाते, पण गेलेली ओल परत आत घेत नाही. तांब्याने पाणी घातलं की झडप बंद, हे लक्षात घेतलं तर कुंडीतलं कोडं सुटतं. आपण जितकं पाणी घालतो तितकी ती घट्ट मिटून बसते.

वेलीच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. सगळ्या बिया पहिल्याच वळवाला रुजल्या आणि नंतर महिनाभर पाऊस दडी मारून बसला, तर सगळा वंश एकदम करपेल. त्यापेक्षा काही यंदा, काही पुढल्या वर्षी, काही कधीतरी. जंगलात उन्हाळ्यातल्या दिवसाच्या भाजण्याने आणि रात्रीच्या गारव्याने कवचाला हळूहळू तडे जातात, वणव्याच्या धगीनेही जातात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही वेल बाहेरून आली आणि इतकी माजली की आज तिथे ती उपद्रवी तणांत मोडते. रान जळून गेलं की मागोमाग गुंज उगवते, हा तिथला अनुभव. म्हणून एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. न फोडलेल्या बिया ज्या कुंडीत टोचल्या होत्या, तिची माती ‘काही आलं नाही’ म्हणून पालक-मेथीच्या वाफ्यात टाकू नका. चाळून बिया काढून घ्या. दोन वर्षांनी भाजीत गुंजेचं रोप आलेलं कोणाला नको असतं.

विषाचं आता सविस्तर सांगायला हवं. गुंजेच्या बीत अब्रिन नावाचं प्रथिन असतं. आपल्या पेशींमध्ये प्रथिनं बनवणारे जे बारीक कारखाने असतात, रायबोझोम, ते अब्रिन बंद पाडतं. कारखाना बंद पडला की पेशी मरते. एरंडातल्या रिसिनचं काम असंच चालतं, दोघं चुलत भावंडंच. अब्रिनवर उतारा नाही. रुग्णालयात लक्षणांवर उपचार करतात, शरीराला आधार देतात, एवढंच हाती असतं. शिवाय उलट्या-जुलाब लगेच सुरू होतीलच असं नाही, काही तास जाऊ शकतात. त्यामुळे ‘खाल्ली तरी काही झालं नाही’ या समजात वेळ दवडला जातो.

मग खेड्यापाड्यात पोरं गुंजांशी खेळत आली, गिळतही आली, ती कशी वाचली? इथे पुन्हा कवचच. अखंड, पिकलेली गुंज गिळली गेली तर पुष्कळदा ती न पचता तशीच बाहेर पडते, कारण पोटातला रसही आत शिरू शकत नाही. चावलेली, फुटलेली किंवा भोक पाडलेली गुंज वेगळी. तिच्यातलं विष मोकळं झालेलं असतं. हिरव्या शेंगेतल्या कोवळ्या बियाही धोक्याच्या, कारण त्यांचं कवच अजून टणक झालेलं नसतं, दाताखाली सहज फुटतं. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्ट या प्रसिद्ध उद्यानाने आपल्या दुकानातून विकलेल्या गुंजांच्या ब्रेसलेटी परत मागवल्या, त्या याच कारणाने. दोऱ्यात ओवलेली गुंज म्हणजे भोक पाडलेली गुंज. घरात जुन्या गुंजांची माळ असेल, किंवा मातीच्या बैलाला डोळे म्हणून गुंजा चिकटवल्या असतील, तर त्या रांगत्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका.

मूल गुंज चघळताना दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. उलटी काढायला बोटं घालू नयेत, मिठाचं पाणी पाजू नये. तोंडात उरलेले तुकडे काढायचे, चूळ भरायला लावायची आणि सरळ मोठ्या रुग्णालयात न्यायचं. सोबत शेंग किंवा बी न्यायची, म्हणजे डॉक्टरांना ओळखायला वेळ लागत नाही. अखंड बी गिळल्याची खात्री वाटत असली, तरी निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

या विषाने वैद्यकाला एक मोठी गोष्ट शिकवली, तीही इथेच सांगून टाकतो. 1884 मध्ये कलकत्त्याला वॉर्डन आणि वॅडेल या दोघांनी गुंजेचं विष हे जंतूंचं काम नसून बीतल्याच एका द्रव्याचं आहे, हे दाखवलं. त्या काळी गुंजेने गुरं मारण्याचे गुन्हे होत, त्यामुळे प्रश्न नुसता प्रयोगशाळेतला नव्हता. पुढे 1891 मध्ये जर्मनीत पाउल एर्लिख यांनी उंदरांना अब्रिनच्या अगदी सूक्ष्म मात्रा चढत्या क्रमाने दिल्या. उंदीर त्या विषाला पुरून उरले. पण अब्रिन पचवायला शिकलेला उंदीर रिसिनने मेला, आणि रिसिनवाला अब्रिनने. प्रत्येक विषाविरुद्ध शरीर वेगळं शस्त्र तयार करतं, ही आपल्या प्रतिकारशक्तीची समजूत पक्की व्हायला गुंज अशी कामी आली.

एवढं समजून घेतल्यावर बी रुजवायला घेऊ.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करावी, म्हणजे रोप पावसात वाढीला लागतं. बिया बारकाईने पाहून घ्या. टोकाएवढं भोक असलेली, सुरकुतलेली, हलकी बी बाजूला काढा, ती आतून किडीने खाल्लेली असते. हातात रबरी मोजे हवेत. भांडं असं घ्या की जे परत स्वयंपाकघरात जाणार नाही, जुनी स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकचा डबा चालेल. मुलं शाळेत किंवा झोपलेली असताना हे काम उरकणं बरं.

सगळ्यात सोपा आणि घरी करण्यासारखा मार्ग गरम पाण्याचा. बियांच्या पाच-सहा पट पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि ते पाणी वाटीतल्या बियांवर ओता. झाकण ठेवून रात्रभर तसंच गार होऊ द्या. बिया गॅसवर उकळत ठेवायच्या नाहीत, त्याने आतला अंकुरच शिजतो. धगीने कवचावर ताण येतो, नाळेच्या खुणेलगतची कमकुवत जागा सुटते आणि पाणी आत जायला वाट मिळते.

सकाळी झाकण काढलं की वाटीत दोन जाती पडलेल्या दिसतात. काही बिया आदल्या दिवशीसारख्याच, कडक आणि चकचकीत. काही मात्र चांगल्याच मोठ्या झालेल्या असतात. त्यांची चमक गेलेली, लाल रंग उतरून मळकट झालेला, साल नखाने दाबली तर दबते. काही अर्धवटही असतात. एका बाजूची साल फुगून सुरकुत्या पडलेल्या, दुसरी बाजू अजून ताठ. पाणी एकाच बिंदूतून शिरतं आणि तिथून पसरत जातं, हे अशा बीत डोळ्यांनी दिसतं. फुगलेल्या बिया त्याच दिवशी पेरायच्या. अर्धवट फुगलेल्या साध्या पाण्यात आणखी काही तास ठेवायच्या. ज्यांच्यात काहीच फरक पडला नाही, त्यांना पुन्हा एकदा गरम पाणी, नाहीतर पुढचा मार्ग.

पुढचा मार्ग म्हणजे कवचाला थेट जखम करायची. इथे जागा महत्त्वाची. काळ्या ठिपक्याच्या टोकाला आतून मुळाचा अंकुर बसलेला असतो, म्हणून त्या बाजूला हात लावायचा नाही. घासायचं ते समोरच्या, पूर्ण तांबड्या टोकाला. गुळगुळीत बी नेलकटरमध्ये धरली की सटकून कुठेतरी उडते, आणि उडालेली फुटकी गुंज शोधत बसण्याची वेळ येते. त्यापेक्षा बी लहान पक्कडीत चिंधी लावून धरा आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो वॉटरपेपर पाण्यात भिजवून त्यावर घासा. ओलं घासल्याने भुकटी उडत नाही. कोरड्या पॉलिश पेपरवर घासली तर विषारी पूड नाकातोंडात जाऊ शकते, डोळ्यात गेली तर डोळा बिघडतो. लाल थराखाली फिकट रंग दिसला की थांबायचं. मग बी कोमट पाण्यात रात्रभर.

प्रयोगशाळेत हेच काम तीव्र सल्फ्युरिक आम्लात बिया काही मिनिटं बुडवून करतात. निकाल उत्तम येतो. घरी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. संडास साफ करायचं आम्ल वापरून पाहण्याचा सल्ला कोणी देईल, तो तर मुळीच ऐकू नये. ते आम्ल वेगळं असतं आणि खोकला आपल्याला येतो.

भिजवणीचं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, गुरं-कुत्री-मांजरं जिथे पाणी पितात तिथेही नाही. बागेच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात ओता आणि माती लोटा. वाटी, पक्कड, मोजे साबणाने धुवून वेगळे ठेवा, पेपर फेकून द्या.

पेरणी काळ्या पिशवीत करावी. गुंजेचं मूळ सरळ खोल जातं, त्याला नंतर हलवलेलं रुचत नाही. ट्रेमध्ये रोपं करून उपटून लावली तर बरीचशी मान टाकतात. पिशवीत निम्मी बागेची माती, उरलेल्या भागात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोल. पाणी माती ओलसर राहण्याइतकंच. बी न फोडता पेरली तेव्हा महिनोन्‌महिने ओल्यात राहूनही ती कुजली नाही, हे खरं. पण कवच फोडलं की पाण्याबरोबर बुरशीलाही दार उघडं होतं. फुगलेली गुंज चिखलात चार दिवसांत नासते. पावसाची झड लागली तर पिशव्या पडवीत किंवा गॅलरीत आत घ्याव्यात. ऊब असेल तर एक ते तीन आठवड्यांत मोड वर येतो.

रोप वीतभर झालं की पिशवी फाडून, मातीचा गड्डा न मोडता, जागेवर लावायचं. ऊन भरपूर हवं, पाण्याचा निचरा हवा. जमीन मुरमाड असली तरी कुरकुर करत नाही. कडधान्याच्या कुळातली असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय ती स्वतः करते, म्हणून युरियाच्या नादी लागू नका. आधार बारीक लागतो. सुतळी, तार, तुरीची काठी, काहीही. जाडजूड सिमेंटच्या खांबाला तिला पिळा घालता येत नाही. पहिल्या वर्षी वेल मरतुकडी दिसते. सुतासारखी बारीक काडी आणि चार पानं, बस. तिचं लक्ष तेव्हा मुळाकडे असतं. दुसऱ्या पावसाळ्यात ती मांडव धरते. उन्हाळ्यात पाला झडला म्हणून मेली असं समजून उपटू नका.

संध्याकाळी पर्णिका खाली झुकून मिटलेल्या दिसल्या तर पाणी घालायला धावू नये, ती तिची झोप आहे. या हालचालींनी एकेकाळी भल्याभल्यांना चकवलं. 1880 च्या दशकात ऑस्ट्रियातल्या नोवाक नावाच्या गृहस्थाने गुंजेची पानं पाहून हवामानाचं भाकीत करता येतं, असा दावा केला. लंडनच्या क्यू उद्यानात त्याची रीतसर परीक्षा झाली आणि दावा फोल ठरला. पानं उजेड आणि हवेतल्या बदलांना उत्तर देत होती. पुढे काय होणार याचा त्यांना पत्ता नव्हता.

आता हे सगळं करायचं कशासाठी, तर पाल्यासाठी. गुंजेचा पाला चघळला की आधी नुसता हिरवा, किंचित तुरट लागतो, मग जिभेच्या मागच्या बाजूला गोडी येते आणि बराच वेळ रेंगाळते. ही गोडी साखरेची नव्हे. पानांत अब्रुसोसाइड नावाची द्रव्यं सापडली आहेत, ती साखरेच्या कितीतरी पट गोड असतात. पानवाल्याकडच्या विड्यात गुंजेचा वाळलेला पाला असतो, तो यासाठी. गवई आणि कीर्तनकार आवाज बसला की तो तोंडात धरतात, तोंड आलं असतानाही चघळतात. घशाला ओलावा सुटतो, बरं वाटतं. यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये असं माझं मत. घसा सुजून ताप भरला असेल तर डॉक्टरकडेच जायचं. पाच-सहा पर्णिका चघळणं निराळं आणि ‘नैसर्गिक आहे’ म्हणून रोज मूठभर पाल्याचा काढा पिणं निराळं. गरोदर बाईने आणि ज्याची औषधं चालू आहेत त्याने वैद्याला विचारल्याशिवाय तेवढंही करू नये.

बी हेही औषध आहे, पण ते आपलं काम नाही. आयुर्वेदाने गुंजेला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत गणलं आहे. औषधात घेण्याआधी तिचं शोधन करतात, म्हणजे बिया कापडाच्या पुरचुंडीत बांधून दोलायंत्रात गाईच्या दुधात किंवा कांजीत लोंबत्या ठेवून बराच वेळ शिजवतात. अब्रिन प्रथिन असल्याने उष्णतेने मोडतं, त्यामुळे या जुन्या रीतीत अर्थ आहे. पण किती मोडलं हे डोळ्यांना दिसत नाही. सरकारच्या औषध नियमांतही गुंजेचं बी अनुसूची ई-1 मध्ये, म्हणजे विषारी घटकांच्या यादीत आहे. केसांसाठी गुंजेचं तेल घरीच कसं करावं, हे सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. करू नये.

पाल्यापुरतीच वेल हवी असेल आणि घरात लहान मुलं येत-जात असतील, तर सोपा मार्ग म्हणजे वेलीला शेंग धरू द्यायची नाही. फुलांचे घोस उमलले की कात्रीने उतरवा. नजरचुकीने हिरव्या शेंगा राहिल्या तर मोजे घालून तोडा आणि खोल पुरा, वैरणीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर जाऊ देऊ नका. शाळेच्या, अंगणवाडीच्या कुंपणाला ही वेल लावूच नये. शोभा कितीही येवो.

परदेशातल्या मराठी माणसांकडून ‘येताना गुंजेच्या बिया आण’ अशी मागणी होते, तिला नकार द्यावा. बिया विमानाने नेणं हा एकतर रोपांच्या विलगीकरण कायद्यात अडकणारा प्रकार आहे, त्यात अमेरिकेत अब्रिनवर वेगळी कडक नजर असते, आणि फ्लोरिडाचं तर वर सांगितलंच.

बी धरायची असेल तर शेंगा वेलीवरच पूर्ण तपकिरी होऊन उकलेपर्यंत थांबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारच्या उन्हात त्या तडकतात आणि बिया बोटाने सहज सुटतात. त्या काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवाव्यात, बाटलीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असं लिहावं आणि ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात जावी. पाखडून, वाळवून काही करण्याची गरज नाही, कोरडी ठेवण्याचं काम कवच करतंच. गरम पाणी आणि वॉटरपेपर हे सगळं पेरणीच्या आदल्या दिवशीच, कारण एकदा फुगलेली गुंज परत बाटलीत ठेवता येत नाही.